लिहून देणार, लिहून घेणार

घरात संगणक किती, असं कुणी विचारलं तर मध्यमवर्गीय मराठी माणूस बेधडक ‘एक’ म्हणून सांगतो. तो खोटं बोलत नसतो. त्याच्या लेखी संगणक म्हणजे हॉलच्या कोपऱ्यातल्या टेबलावरचा, ज्याच्या मॉनिटरवर प्लास्टिकचं कव्हर आणि सीपीयूवर छोटा गणपती असतो तो. मुलाचा लॅपटॉप ‘ऑफिसचा’ असतो, सुनेचा ‘तिचा’ असतो, नातवाचा ‘अभ्यासाचा’ असतो आणि माळ्यावरचा जुना ‘कुणालातरी देऊन टाकायचाय’ या सदरात मोडतो, म्हणजे तो कायमचा घरचा असतो. हे सगळे मोजले जातात ते फक्त एका प्रसंगी. कुणीतरी सॉफ्टवेअरचं खोकं विकत आणतं, त्यावर ‘३ पीसी, १ वर्ष’ असं छापलेलं असतं, आणि तेवढ्यात घराच्या कानाकोपऱ्यांतून पाच संगणक उपटतात.

आपल्याकडे ही अडचण तशी उशिरा आली. लॅमिंग्टन रोडवरून नाहीतर पुण्याच्या तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून लोक संगणक ‘असेंबल’ करून घेत, तेव्हा सॉफ्टवेअर ही पैसे मोजून घ्यायची वस्तू आहे हेच फारसं कुणाच्या गावी नव्हतं. ते ‘टाकून’ मिळायचं. असेंबल करणारा पोरगा सांगायचा, ‘काका, विंडोज टाकलंय, ऑफिस टाकलंय, फोटोशॉप टाकलंय, दोन गेम पण टाकलेत. अजून काही टाकू?’ पुढे मशीन रखडलं की तोच येऊन फॉरमॅट मारून द्यायचा आणि चहा पिऊन जायचा. त्याच्या पिशवीत मार्करनं नाव लिहिलेली एक सीडी असायची, आणि तिच्यावरची किल्ली डोंबिवलीपासून बदलापूरपर्यंत सगळ्या घरांत लागायची.

कायदा तेव्हाही होताच. कॉपीराइट कायदा १९५७चा, त्यात १९९४च्या दुरुस्तीनं ६३ब हे कलम आलं. प्रत बेकायदा आहे हे माहीत असून संगणकावर वापरली तर कमीत कमी ७ दिवस आणि जास्तीत जास्त ३ वर्षं कैद, शिवाय ५० हजार ते २ लाख रुपये दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकतं. मला त्यातलं ‘कमीत कमी ७ दिवस’ फार आवडतं. गौरी-गणपतीला कोकणात जाऊन यायला साधारण तेवढेच लागतात.

आणि या सवयीचं खापर एकट्या आपल्याच डोक्यावर फोडायचं कारण नाही. ३ फेब्रुवारी १९७६ रोजी २० वर्षांच्या बिल गेट्सनं अमेरिकेतल्या हौशी संगणकवाल्यांना एक उघडं पत्र लिहिलं. अल्टेअर नावाच्या संगणकासाठी त्यानं आणि त्याच्या जोडीदारांनी बेसिक या भाषेची आवृत्ती तयार केली होती. क्लबात एकाकडे तिची कागदी टेप आली की बाकीचे प्रती करून घेत. अल्टेअर बाळगणाऱ्यांपैकी १० टक्क्यांनीसुद्धा बेसिक विकत घेतलेलं नाही आणि आलेल्या पैशांचा हिशेब मांडला तर आमच्या मेहनतीचे तासाला २ डॉलरही पडत नाहीत, असं त्यानं लिहिलं. ‘तुमच्यापैकी बहुतेक जण चोरी करता’ हेही सांगून टाकलं. मराठी माणसाचा यात हात नव्हता, एवढं नोंदवून पुढे जातो.

आमच्या घराण्यात कायद्याचं राज्य आलं ते थोरल्या काकांमुळे. काका दुय्यम निबंधक कार्यालयातून निवृत्त झाले. जन्मभर खरेदीखतं, गहाणखतं, बक्षीसपत्रं वाचली. कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय त्याखाली काही करायचं नाही, ही सवय पेन्शन सुरू झाली तरी सुटली नाही. बाकी जग ‘आय अ‍ॅग्री’वर न बघता टिचकी मारतं. २००५ साली पीसी पिटस्टॉप या अमेरिकी कंपनीनं मुद्दाम आपल्या करारनाम्यात एक ओळ घुसडली होती की, हे वाचणाऱ्यानं अमुक पत्त्यावर कळवावं, काहीतरी मिळेल. ४ महिने गेले, ३ हजारांवर डाउनलोड झाले, तेव्हा कुठे एकानं कळवलं. त्याला १ हजार डॉलर मिळाले. काका गिऱ्हाईक असते तर पहिल्याच दिवशी त्यांनी कळवलं असतं, आणि ही रक्कम कोणत्या सदराखाली दिली याचा खुलासाही मागवला असता.

दादानं, म्हणजे त्यांच्या मुलानं, ऑफिस २०१०ची ‘होम अँड स्टुडंट’ आवृत्ती आणली, तेव्हा काकांनी करारनामा आधी छापून घेतला. फूलस्केप कागद, डाव्या बाजूला समास, हातात लाल बॉलपेन आणि लाकडी पट्टी. पट्टी एकेक ओळ खाली सरकत होती. पहिल्याच पानावर ती थांबली.

‘हे म्हणतायत की सॉफ्टवेअर विकलेलं नाही. मग आपण आणलं काय?’

‘वापरायची परवानगी, बाबा.’

काकांचा चेहरा असा उजळला की जणू जुना सहकारी स्टेशनवर भेटला. ‘अरे, मग हे लीव्ह अँड लायसन्स आहे! असं सांग की सरळ.’ महाराष्ट्रात भाड्याच्या घरात राहिलेल्या कुणालाही हे वेगळं समजवावं लागत नाही. अकरा महिन्यांचा करार, मालक मालकच राहतो, आपल्याला फक्त आत राहायची मुभा. पोटभाडेकरू ठेवायचा नाही, भिंत पाडायची नाही, मुदत संपली की किल्ली परत. सॉफ्टवेअरच्या परवान्यावर मी नंतर बरंच वाचलं, पण काकांच्या या एका वाक्यापलीकडे मला काही नवं कळलेलं नाही.

‘पण चतुःसीमा कुठे लिहिल्यायत?’ काकांनी पान उलटलं.

‘पूर्वेस हार्डडिस्क, पश्चिमेस रॅम,’ दादा पुटपुटला.

‘आणि परवानगीच आहे तर दुकानदारानं विक्रीचा कर कसा लावला?’ हा प्रश्न मात्र दादाला झेपण्यातला नव्हता. याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयानं २००४ साली टाटा कन्सल्टन्सी विरुद्ध आंध्र प्रदेश या खटल्यात देऊन ठेवलेलं आहे. डबाबंद सॉफ्टवेअर विक्रीकरापुरतं ‘माल’ धरावं, असं पाच न्यायमूर्तींनी सांगितलं. काकांना निकाल पटला, फक्त गंमत वाटली. ‘विकताना वस्तू आणि घरी आल्यावर परवानगी. दोन्ही दरवाजांवर पैसे देणारा एकच.’

खरी मेख पुढे होती. तीन संगणकांवर टाकता येईल, पण ते तुमच्या घरातले हवेत, आणि वापरणाऱ्यांचं ते मुख्य निवासस्थान हवं. काकांनी ‘मुख्य निवासस्थान’खाली दोन रेघा मारल्या. तेवढ्यात नाशिकहून ताईचा, म्हणजे काकांच्या मुलीचा, फोन आला. तिला फक्त एक्सेल हवं होतं. घरचं खोकं आलंय, तीनपैकी एक जागा मोकळी आहे, हे तिला वहिनीनं कळवलं होतं.

‘तुझं मुख्य निवासस्थान कोणतं?’ काकांनी विचारलं.

फोनवर शांतता पसरली. मग ताई म्हणाली, ‘आईला द्या फोन.’

त्या रात्री काकूनं काकांशी जे बोलणं केलं ते मला ऐकू आलं नाही, पण दुसऱ्या दिवशी काका थोडे नरमलेले होते. ते म्हणत होते की यात त्यांचा काही दोष नाही, कायदाच चमत्कारिक आहे. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली आणि मुलगी जन्मानंच वडिलोपार्जित मिळकतीत भावाच्या बरोबरीची सहहिस्सेदार झाली. म्हणजे गावाकडच्या आंब्याच्या झाडात ताईचा वाटा आहे, पडक्या वाड्यात आहे, विहिरीच्या पाण्यात आहे. एक्सेलमध्ये नाही.

याच करारनाम्यात आणखी एक अट होती. ही आवृत्ती धंद्यासाठी, उत्पन्न मिळवण्यासाठी वापरायची नाही. एवढंच नव्हे तर ना-नफा कामासाठीसुद्धा नाही. वहिनी दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेते. कुणाला चकली अर्धा किलो, कुणाला अनारसे पाव किलो, कुणाचे पैसे बाकी, हे सगळं ती एक्सेलमध्ये मांडते आणि बाकी राहिलेल्यांना पिवळा रंग देते. काकांनी तिला बोलावून ती अट वाचून दाखवली. वहिनीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘आणि बाबा, मंडळाच्या वर्गणीचा हिशेब तुम्ही कशात लिहिता?’ काका सोसायटीच्या गणेशोत्सव मंडळाचे खजिनदार. मंडळाला नफा झाल्याचं आजवर ऐकिवात नाही, म्हणजे ते शंभर टक्के ना-नफा. पट्टी बराच वेळ त्याच ओळीवर राहिली. त्या वर्षीपासून मंडळाचा हिशेब पुन्हा लाल कापडी बांधणीच्या वहीत गेला, आणि वर्गणीची बेरीज तीन वेळा करून तीन वेगळी उत्तरं यायला लागली. वहिनीचा पिवळा रंग चालूच राहिला.

असे करार सगळेच करत नव्हते, हेही सांगायला हवं. टर्बो पास्कल काढणाऱ्या बोर्लंड या कंपनीनं १९८०च्या दशकात साध्या भाषेत सांगितलं होतं की आमचं सॉफ्टवेअर पुस्तकासारखं वापरा. या संगणकावरून त्या संगणकावर न्या, कुणालाही वापरू द्या; फक्त पुस्तक जसं एका वेळी दोन ठिकाणी दोघांना वाचता येत नाही, तसं हेही एका वेळी दोन ठिकाणी चालता कामा नये. किती सभ्य माणसं! पण त्यांनी मराठी घरात सकाळचं वर्तमानपत्र वाचताना पाहिलेलं नव्हतं. पहिलं पान काकांकडे, खेळाचं बाल्कनीत दादाकडे, पुरवणी स्वयंपाकघरात, शब्दकोडं काकूच्या उशीखाली, आणि राशिभविष्य शेजारी.

परवाना नेमका कोणत्या मशीनला दिलाय हे कंपनीला कळतं कसं, हा काकांचा त्यानंतरचा प्रश्न. त्यांच्या कचेरीत माणूस ओळखायला अंगठा असायचा. मशीनचाही घेतात. विंडोज एक्सपीनं २००१ साली ही पद्धत घरोघरी नेली. प्रोसेसर, हार्डडिस्क, नेटवर्क कार्ड वगैरेंच्या खुणा गोळा करायच्या, त्या २५ अक्षरांच्या किल्लीशी जोडायच्या आणि कंपनीला कळवायचं. इंटरनेट नसेल तर फोनवरून. पडद्यावर ५० आकडे उमटत, ते आपण सांगायचे. पलीकडून ४२ आकडे मिळत, ते टायपायचे. आमच्याकडे हे काम साहजिकच काकांनी केलं. पलीकडे ध्वनिमुद्रित आवाज आहे हे दादानं दोनदा सांगूनही ते ‘बाई, जरा सावकाश’ म्हणत होते, आणि शेवटी त्यांनी आवक क्रमांक मागितला.

त्या किल्लीबद्दलही दोन शब्द सांगायलाच हवेत. तिच्यात एकही स्वर नसतो. शून्य आणि ओ, एक आणि आय, पाच आणि एस या जोड्या डोळ्यांना फसवतात, म्हणून त्या दोन्ही बाजूंनी वगळलेल्या. इतका विचार करणाऱ्या माणसांनी बी आणि आठ मात्र दोघांनाही ठेवलं, जी आणि सहालाही ठेवलं. लॅपटॉपच्या पोटाला चिकटवलेल्या, अर्ध्या झिजलेल्या स्टिकरवरून ती वाचायची म्हणजे एकानं टॉर्च धरायचा, दुसऱ्यानं भिंग, आणि तिसऱ्यानं ‘बी फॉर बटाटा की आठ?’ असं ओरडायचं. ‘क्यू फॉर काय?’ या प्रश्नाला काकूनं ‘रेशनचा क्यू’ असं उत्तर दिलं. त्यावर कुणाला काही बोलता आलं नाही.

मशीनचा जीव नक्की कशात असतो, यावरही परवानावाल्यांची ठाम मतं आहेत. रॅम वाढवा, हार्डडिस्क बदला, डबा बदला, मशीन तेच. मदरबोर्ड बदलला की मात्र जुनं मशीन गेलं आणि नवं जन्माला आलं. मशीनसोबत आलेलं विंडोज त्या जुन्याबरोबरच जातं. ऑफिस २०१३ तर सुरुवातीला ज्या मशीनवर टाकलं त्याच्याशीच जन्माची गाठ बांधून आलं होतं. लोकांनी ओरड केली, तेव्हा मार्च २०१३ मध्ये नियम बदलला: दुसऱ्या मशीनवर हलवा, पण ९० दिवसांतून एकदाच. काकांना हे भलतंच उदार वाटलं. सरकारी खात्यात तीन वर्षांच्या आत बदली मागितली की साहेब वर बघतसुद्धा नाहीत.

गेलेल्या मशीनचं पुढे काय, हा भाग फार कुणी लक्षात घेत नाही. लॅपटॉप भंगारवाल्याला दिला, त्याच्या पैशांतून तीन कढया आल्या, तरी कंपनीच्या लेखी तो आपल्याच घरात नांदत असतो आणि तीनपैकी एक जागा अडवून बसतो. आधी आठवणीनं त्याचा परवाना सोडवून घ्यायचा असतो, पण मरणाऱ्या मशीननं आधी कळवलं तर ना! अँटिव्हायरसच्या बऱ्याच पॅकांत वर्षसुद्धा पहिल्या मशीनपासूनच मोजतात. पहिलं अक्षय्य तृतीयेला लावलं आणि तिसरं दिवाळीत, तरी तिन्ही एकदमच संपतात. अ‍ॅपलच्या आयट्यून्सची पद्धत त्या मानानं बरी. पाच संगणकांना मान्यता देता येते, आणि त्यातले काही हाताबाहेर गेले, कुठले ते आठवत नाही, तर वर्षातून एकदाच सगळ्यांची मान्यता एकदम रद्द करता येते. हे दादा समजावत होता तेव्हा काकू पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, ‘म्हणजे ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांची सर्वपित्री.’ (त्याच आयट्यून्सच्या अटींत हे वापरून अण्वस्त्रं, क्षेपणास्त्रं, रासायनिक वा जैविक शस्त्रं बनवायची नाहीत, असंही लिहिलं होतं. काकांनी समासात ‘मान्य’ लिहून आद्याक्षरी केली.)

मग २०१८ साली ऑक्टोबरात मायक्रोसॉफ्टनं मशीन मोजायचं सोडलं आणि माणसं मोजायला घेतली. कुटुंबासाठीच्या वर्गणीत सहा जण, प्रत्येकानं एका वेळी पाच उपकरणांवर साइन इन करायचं. म्हणजे तीस उपकरणं. आमच्या इमारतीतले सगळे मजले बसतील. पण सहा माणसं! मशीनचं एक बरं असतं, त्याला वाईट वाटत नाही.

काका, काकू, दादा, वहिनी, नातू, ताई. हिशेब नेमका बसला होता. एवढ्यात जावईबापूंनी सहज म्हणून विचारलं. जावयानं सहज विचारलेलं सहज नसतं. काकू लगेच म्हणाली, ‘माझ्या जागी घ्या त्यांना. मला कशाला ते? माझं सगळं फोनवरच येतं.’

‘असं तोंडी चालत नाही,’ काका म्हणाले. ‘हक्कसोडपत्र करावं लागेल.’

पण खरा धक्का त्याहून मोठा होता, आणि तो काकांच्या ध्यानात यायला आठवडा लागला. यादीतल्या पहिल्या नावापुढे काहीतरी वेगळं लिहिलेलं होतं, आणि ते नाव दादाचं होतं. कार्ड त्याचं, वर्गणी त्याची, म्हणून कुटुंबप्रमुख तो. त्यानं आमंत्रण पाठवायचं आणि बाकीच्यांनी ते स्वीकारायचं. त्याच्या मनात आलं तर एका टिचकीसरशी कुणालाही काढूनही टाकायचं. रेशनकार्डावर, वीजबिलावर, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर, दारावरच्या पाटीवर ज्यांचं नाव आहे, त्यांना त्यांच्याच घरात त्यांच्याच मुलाचं आमंत्रण आलं होतं. काकांनी ते बरेच दिवस उघडलं नाही. ‘नमुना चुकीचा आहे,’ एवढंच म्हणायचे. शेवटी मुदत संपेल म्हणून नातवानंच त्यांच्या वतीनं स्वीकारलं, आणि मुखत्यारपत्राशिवाय सही केली म्हणून बोलणी खाल्ली.

हा नातू आता कॉलेजात आहे. परवा त्यानं माळ्यावरचा तो जुना संगणक खाली काढला, पुसला, आणि त्यावर लिबरऑफिस चढवलं. काका पट्टी घेऊन हजर.

‘याचा करारनामा?’

‘मोझिला पब्लिक लायसन्स.’ नातवानं उघडून दिला.

काकांनी शेवटपर्यंत वाचला, मग पुन्हा पहिल्या पानावर आले. ‘आकडा दिसत नाही कुठे. किती मशीनवर?’

‘कितीही.’

‘किती माणसांनी?’

‘कितीही, आजोबा.’

‘तुझ्या आईच्या फराळाला?’

‘चालतं.’

‘मंडळाला?’

‘चालतं.’

काका जरा थांबले. ‘आणि नाशिकला? मुख्य निवासस्थानाचं काय?’

‘आत्याकडे मी मागेच टाकून दिलंय.’

‘मोबदला?’

‘काही नाही.’

काकांनी चष्मा काढून पुसला. ‘बिनमोबदला म्हणजे हे बक्षीसपत्र झालं. मग दोन साक्षीदारांच्या सह्या लागतील.’ आणि ते बाहेर आवाज देत गेले, ‘अगं, समोरच्या ब्लॉकमधले दोघं घरी आहेत का बघ. येताना आधार कार्ड घेऊन या म्हणावं.’